वऱ्हाडातून समुद्राकडे : एका बिनशंखी गोगलगाईचा शोध



भौतिकशास्त्राचा तास चालू होता. फळ्यावर मी पृथ्वी काढली, चंद्र काढला, दोन्ही बाजूंना फुगलेले पाणी काढले आणि भरती-ओहोटी समजावून दिली. हे चित्र मी वर्षानुवर्षे काढत आलो आहे. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमी आपल्या डोयानं पाह्यली का ओहोटी?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण उत्तर देता आले नाही. मुंबईला मी अनेकदा गेलो होतो, चौपाटीवर भेळही खाल्ली होती. पण पाणी मागे हटताना मुद्दाम बसून कधी पाहिले नव्हते. प्रश्न विचारणारा मुलगा दर्यापूरचा. गावाच्या नावात दर्या आहे. पण त्याने दर्या पाहिलेला नव्हता. खारपाणपट्ट्यातले खारे पाणी तेवढे त्याला चांगले माहीत होते!

त्या एका प्रश्नापायी आम्हाला काय काय पाहावे लागले आणि एका बोटाएवढ्याही नसलेल्या प्राण्याने आम्हाला काय शिकवले, ते आज तुम्हाला सांगतो.

हा प्राणी कोण?

पावसाळ्यात ओलसर भिंतीवर सरपटणारी गोगलगाय तुम्ही पाहिली असेल. पाठीवर शंख असलेलीही पाहिली असेल आणि शंख नसलेलीही. समुद्रातही अशा बिनशंखी गोगलगाई असतात. इंग्रजीतून आलेले त्यांचे नाव 'सी स्लग'. त्यांतला सर्वांत देखणा गट म्हणजे 'न्यूडिब्रँक'. या शब्दाचा अर्थ 'उघड्या कल्ल्यांचे'. यांपैकी अनेकांच्या पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा झुबका असतो. तो पाण्यात फुलासारखा उमलतो आणि धक्का लागताच आत ओढला जातो. डोक्यावर दोन शिंगे असतात. ती टोचण्यासाठी नसून पाण्यातला वास घेण्यासाठी असतात. जगात न्यूडिब्रँकच्या सुमारे ३,००० जाती ज्ञात आहेत.

गंमत अशी, की अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला, म्हणजे डिंभाला, इवलासा शंख असतो. पुढे रूपांतर होताना तो गळून पडतो. मग प्रश्न पडतो, की चिलखत टाकून दिलेला हा मऊ प्राणी माशांच्या आणि खेकड्यांच्या गर्दीत जगतो कसा?

त्याची उत्तरे एकाहून एक नवलाची आहेत. काही जाती विषारी किंवा बेचव स्पंज खातात आणि त्यातली रसायने स्वतःच्या कातडीत साठवतात. त्यांचे भडक रंग म्हणजे 'मला खाऊ नका' अशी पाटीच. दुसरा एक गट हायड्रॉइड नावाच्या, दंश करणाऱ्या प्राण्यांवर जगतो. त्यांच्या दंशपेशींतील न फुटलेल्या कुप्या हे प्राणी पचवत नाहीत, तर आपल्या पाठीवरील बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकाशी नेऊन ठेवतात. शत्रूच्या कोठारातला दारूगोळा पळवून स्वतःच्या बुरुजावर ठेवावा, तसा हा प्रकार!

आणि तिसरा गट 'एलिसिया'. हे न्यूडिब्रँक नव्हेत, पण त्यांचे नातलग आहेत. हिरव्या शेवाळाचा रस शोषताना त्यातली हरितलवके, म्हणजे वनस्पतीत प्रकाशसंश्लेषण करणारे कण, ते आपल्या शरीरात जिवंत ठेवतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एलिसिया क्लोरोटिका या जातीत ही हरितलवके कित्येक महिने टिकतात. त्यांपासून प्राण्याला अन्न किती मिळते, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण पानासारखा दिसणारा हिरवा प्राणी हिरव्या शेवाळावर बसला, की तो शत्रूलाच काय, आपल्यालाही दिसत नाही. २०२१ साली जपानच्या सायाका मितो आणि योइची युसा यांनी तर असे दाखवले, की एलिसियाच्या काही जाती स्वतःचे डोके धडापासून तोडून घेतात. ते डोके सरपटत फिरते, शेवाळ खाते आणि सुमारे ३ आठवड्यांत हृदयासह नवे धड तयार करते!

मोठ्या आकाराचा 'समुद्री ससा', म्हणजे अॅप्लिसिया, हाही याच परिवारातला. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. अॅप्लिसियाच्या शरीरात जेमतेम २०,०००. पण त्यांतल्या काही इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात. म्हणूनच एरिक कँडेल यांनी या प्राण्यावर प्रयोग करून आठवण तयार होताना चेतापेशींच्या जोडांत काय बदल होतात, ते शोधून काढले. त्यांना २००० सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तुम्ही उद्या पाढा पाठ कराल, तेव्हा या गोगलगाईची आठवण ठेवा.

पहिली फेरी : अष्टमी

हे सारे आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी मला सांगितले. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही असे प्राणी आढळतात, हे ऐकून मी चकित झालो. १९४६ साली विंकवर्थ या शास्त्रज्ञाने वर्णन केलेल्या एका जातीचे नावच मुळी मुंबईवरून पडले आहे : गोनियोब्रँकस बॉम्बेयानस. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातील प्रदीप पाटाडे आणि त्यांचे सहकारी सामान्य माणसांना किनाऱ्यावर नेऊन हे जीव दाखवू लागले. हाजी अली, वांद्रे, जुहू! ज्या किनाऱ्यावर आपल्याला फक्त कचरा दिसतो, तिथे दगडाच्या फटीत हे रत्न!

एका लग्नाच्या निमित्ताने मुंबईला गेलो, तेव्हा संध्याकाळी सहा वाजता मी उत्साहाने वांद्र्याच्या किनाऱ्यावर पोहोचलो. पाणी थेट बांधाला लागले होते. खडक दिसेचनात. जवळ जाळे नीट करत एक वयस्क कोळी बसले होते. माझ्या हातातली दुर्बीण आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट पाहून त्यांनी विचारपूस केली आणि हसून म्हणाले, "मास्तर, आज अष्टमी. पाणी खाली कुठं जातंय? बीजेला या."

भौतिकशास्त्राचा प्राध्यापक तिथे विद्यार्थी झाला. त्यांनी मला जो हिशेब सांगितला, तो तुम्ही वहीत लिहून ठेवा.

तिथीची पाऊणपट

तिथीचा आकडा घ्या आणि त्याला पाऊणने गुणा. जे उत्तर येईल, तितक्या वाजता मुंबईला भरती. अष्टमी म्हणजे ८. ८ ची पाऊणपट ६. सहा वाजता भरती! सकाळीही आणि संध्याकाळीही. मी नेमका ऐन भरतीला जाऊन उभा राहिलो होतो.

हे गणित कुठून आले? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. त्यामुळे भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. एका पंधरवड्यात, म्हणजे १५ तिथींत, ती १२ तास सरकते. १२ तासांची ७२० मिनिटे. ७२० भागिले १५ बरोबर ४८. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. कोळ्यांनी ४८ ऐवजी ४५ धरली, की तोंडी हिशेब सोपा झाला. घड्याळ नसलेल्या माणसाला तेवढे पुरे होते.

भरतीनंतर सुमारे ६ तास १२ मिनिटांनी ओहोटी. मग मी दुपारी बाराला गेलो असतो तर? तरीही फारसा उपयोग नव्हता. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र पृथ्वीला काटकोनात ओढतात, त्यामुळे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. याला कोकणात 'भांग' म्हणतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि 'उधाण' येते. पाण्याच्या जडत्वामुळे आणि घर्षणामुळे उधाणाचा खरा जोर दिसतो तो एक-दोन दिवसांनंतर, म्हणजे प्रतिपदा-द्वितीयेला. जितके पाणी वर चढते, तितकेच ते खालीही उतरते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात.

आता बीज, म्हणजे द्वितीया घेऊ. २ ची पाऊणपट दीड. रात्री दीडला भरती. त्यात ६ तास १२ मिनिटे मिळवा. सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी ओहोटी! पाणी सर्वांत खाली आणि डोक्याशी नुकताच उगवलेला सूर्य. 'बीजेला या' या दोन शब्दांत खगोलशास्त्र आणि छायाचित्रण दोन्ही सामावले होते.

मित्रांनो, अकोल्याच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरात, ६०० किलोमीटर दूरच्या समुद्राची वेळ अशी लिहून ठेवलेली असते. आपण ती वाचत नाही, इतकेच.

दुसरी फेरी : बीज

मार्गशीर्षातल्या कृष्ण द्वितीयेचा मुहूर्त धरून मी, मॅडम आणि चार विद्यार्थी रत्नागिरीला गेलो. दर्यापूरचा मुलगा अर्थातच होता. रत्नागिरी निवडण्यालाही कारण होते. विशाल भावे आणि दीपक आपटे यांनी २०११ साली तिथल्या समुद्री गोगलगाईंची सचित्र सूची प्रसिद्ध केली होती आणि त्यांत भारतातून पूर्वी नोंद नसलेल्या ८ जाती होत्या. विचार करा : शेकडो वर्षे गजबजलेले बंदर, रोज मासेमारी, आणि तरीही २०११ पर्यंत कुणाच्या वहीत नसलेले आठ जीव!

भरतीची लाट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून रत्नागिरीची वेळ मुंबईच्या थोडी आधी येते. भरतीच्या छापील तक्त्यातही ओहोटी सातच्या सुमारास होती. आम्ही सहालाच मांडवीच्या बाजूच्या खडकाळ पट्ट्यात उतरलो. पायाखालचे काळे दगड पाहून मुलांना चिखलदऱ्याची आठवण झाली. ती खोटी नव्हती. गाविलगडचे डोंगर आणि कोकणचा कातळ हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच लाव्हाच्या पसाऱ्याचे भाग आहेत.

पहिला तासभर काहीच दिसले नाही. खेकडे, शिंपले, समुद्रफुले दिसली, गोगलगाय नाही. मग मॅडम म्हणाल्या, "प्राणी शोधू नका, त्याचे ताट शोधा." म्हणजे स्पंज, हायड्रॉइड, शेवाळ. आणि दुसरी खूण : अंडी. समुद्री गोगलगाई उभयलिंगी असतात आणि त्यांची अंडी फितीच्या गुंडाळीसारखी दगडाला चिकटवलेली असतात. फीत दिसली, की आई जवळपास असण्याचा संभव.

एका विद्यार्थिनीला हाताच्या ओंजळीएवढ्या डबक्यात हिरव्या शेवाळावर एक 'पान' हलताना दिसले. पाणी स्थिर होते; वारा नव्हता; मग पान कसे हलेल? सेंटिमीटरभर लांबीची एलिसिया! सहा डोकी एकदम त्या डबक्यावर वाकली. दर्यापूरचा मुलगा बराच वेळ काही बोललाच नाही.

पाण्यातला फोटो आणि भौतिकशास्त्र

आता माझी पाळी होती. आमच्याकडे साधा मोबाइल आणि अकोल्यातल्या एका घड्याळजीकडून आणलेले १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग होते. कॅमेरा दूरच्या वस्तूवर रोखून त्यापुढे हे भिंग धरले, की भिंगापासून बरोबर १० सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. पण इथे वस्तू पाण्यात! पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, म्हणून वरून पाहताना खोली पाऊणपटच भासते. प्राणी पाण्याखाली ४ सेंटिमीटर असला, तर तो ३ सेंटिमीटरवर दिसणार. म्हणजे भिंग पाण्याच्या पृष्ठभागापासून ६ नव्हे, तर ७ सेंटिमीटर वर धरायचे. (गंमत पाहा, इथेही पाऊणपट!) इतक्या जवळून स्पष्टतेचा पट्टा मिलिमीटर-दोन मिलिमीटरच असतो, हा एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे फोटो आणि धूसर डाग यांतला फरक.

दुसरी अडचण आकाशाची. फोटोत एलिसियाऐवजी पांढरे आकाश चमकत होते. एका मुलाने ध्रुवित काचांचा गॉगल कॅमेऱ्यापुढे धरला. उपयोग झाला नाही. का बरे? पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो तो लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून पाहिले तर. आम्ही तर सरळ वरून पाहत होतो. तिथे परावर्तन दोनच टक्के असते, पण ते ध्रुवित नसते; गॉगल त्याला अडवू शकत नाही. मग उपाय? काळी छत्री! डबक्यावर छत्री उघडताच पाण्याच्या आरशात आकाशाऐवजी छत्रीचे काळे कापड आले आणि पाणी जणू नाहीसे झाले. सकाळचा तिरपा सूर्य छत्रीच्या खालून आत येत होता. त्याचे किरण पाण्यात शिरताना खाली वळून प्राण्यावर पडत होते आणि जे परावर्तित होत होते, ते पलीकडच्या बाजूला निघून जात होते. डिसेंबरच्या कोरड्या सकाळी छत्री उघडून बसलेली सहा माणसे पाहून येणारे-जाणारे थांबत होते. पण फोटो असा आला, की हिरव्या अंगावरची बारीक शिरांची जाळीही दिसावी.

आणखी एक. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या फोटोंत लाल रंग मरतो, कारण पाणी लाल प्रकाश आधी शोषते. पाच-सहा मीटरवर तो फारच क्षीण होतो. ओंजळभर डबक्यात ही अडचणच नाही. गरिबाच्या कॅमेऱ्याला निसर्गाने दिलेली ही सवलत समजा.

माझी चूक

इथपर्यंत सारे चांगले झाले. पुढे जे झाले, ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो.

ही एलिसिया अकोल्याच्या वर्गाला जिवंत दाखवावी, असा मोह मला झाला. मॅडमनी बजावले, की ती टिकणार नाही. मी ऐकले नाही. समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बाटलीत तिला ठेवले आणि बाटली पिशवीत. कोकण रेल्वे, मुंबई, मग रात्रीची वऱ्हाडची गाडी. अकोल्याला बाटली उघडली, तेव्हा पाण्याला वास येत होता आणि तळाशी एक मळकट, काळपट गोळा होता. दर्यापूरच्या मुलाने एकदा मोबाइलमधला फोटो पाहिला, एकदा बाटली पाहिली, आणि हळूच विचारले, "सर, हे थेच होय काय?"

बंद बाटलीतला प्राणवायू संपतो, पाणी तापते, प्राणी गुदमरतो. हे मला ठाऊक नव्हते, असे नाही. मी ते लागू केले नाही.

शास्त्रज्ञांनाही ही अडचण फार जुनी. १८६४ साली ऑल्डर आणि हँकॉक यांनी भारतातल्या न्यूडिब्रँकांवर निबंध लिहिला, तो मद्रास इलाख्यातले अधिकारी वॉल्टर एलियट यांनी पूर्व किनाऱ्यावर केलेल्या संग्रहावरून. स्पिरिटमध्ये ठेवलेला हा प्राणी आक्रसतो आणि रंग गमावतो. आणि ओळख तर पुष्कळदा रंगावरच असते. त्यामुळे जिवंतपणी काढलेले चित्र हे नमुन्याइतकेच मोलाचे. आज ते काम तुमच्या खिशातला मोबाइल करू शकतो. संशोधकांना नमुना लागतो, तो ते परवानगीने आणि पद्धतशीरपणे घेतात. आपल्याला फोटो पुरे. प्रवाळ, समुद्री काकडी आणि काही शंख यांना तर १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे संरक्षण आहे. ते उचलणे हा गुन्हा आहे.

फोटोबरोबर ठिकाण, तारीख, वेळ, तिथी आणि प्राणी कशावर बसला होता, हे लिहिले, की ती शास्त्रीय नोंद होते. 'आयनॅचरलिस्ट'सारख्या जागतिक नोंदवहीत ती टाकता येते. किनाऱ्यावर भराव पडतात, रस्ते होतात, सांडपाणी येते. तिथे काय राहत होते, याचा पुरावाच नसेल, तर ते गेल्याचे दुःखही कुणाला होणार नाही.

जाल तेव्हा

किनाऱ्यावर एकटे जाऊ नका. स्थानिक माणसाला विचारून जा. उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवा, कारण त्याखालची वस्ती उन्हात मरते. सुंदर शंख दिसला तरी हात लावू नका. शंकूच्या आकाराच्या शंखातील काही गोगलगाई विषारी दंश करतात.

आणि पाण्याकडे पाठ करू नका. ओहोटीनंतर पाणी एकसारखे चढत नाही. एकूण चढाचे १२ भाग केले, तर सहा तासांत ते ढोबळमानाने १, २, ३, ३, २, १ असे चढते. चढ ३ मीटर धरला, तर पहिल्या तासात २५ सेंटिमीटर, पण तिसऱ्या तासात ७५. पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबणारा तिसऱ्या तासात अडकतो. आम्ही साडेआठलाच खडक सोडले.

समुद्राला जाणे जमत नसेल, तर घरूनच सुरुवात करा. अमरावतीचा वडाळी तलाव किंवा छत्री तलाव, अकोल्याची मोर्णा. जिथे सुरक्षित काठ असेल तिथे मोठ्या माणसाबरोबर जाऊन पाण्यातली गोगलगाय शोधा. भिंग, मोबाइल आणि काळी छत्री घ्या. भिंगाचे नाभीय अंतर आधी उन्हात मोजा, पाण्याची खोली मोजा आणि भिंग किती उंच धरायचे, ते काढून मगच फोटो घ्या.

आमच्या प्रयोगशाळेत आता तो हिरव्या एलिसियाचा फोटो लावला आहे. शेजारीच ती रिकामी बाटलीही मी मुद्दाम ठेवली आहे. दर्यापूरच्या मुलाने पुढच्या सहलीचा दिवस कॅलेंडरावर खूण करून ठेवला; या वेळी त्याने चतुर्थी निवडली आहे. चतुर्थीला मुंबईच्या किनाऱ्यावर सकाळची ओहोटी किती वाजता असेल? आणि द्वितीयेपेक्षा त्या दिवशी फायदा काय, तोटा काय? हिशेब करून पाहा, आणि तो बरोबर आला का, हे भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहा.